दुसरं पर्व आणि माझ्या विहीणबाई

मालिकेचं दुसरं पर्व येणार ही बातमी मला माझ्या मुलीकडून कळली नाही, तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली. कळली ती आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून. या बाईंनी पहिल्या पर्वाचे जेमतेम दहाबारा भाग पाहिले असतील, तेही भाजी निवडता निवडता. "तुम्हाला माहीत नव्हतं?" असं त्यांनी विचारल्यावर मी "कधीचंच माहितेय" असं ठोकून दिलं आणि घरात शिरल्या शिरल्या मुलीला फोन लावला. तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. शेवटी तिचाच आला. म्हणाली, तुलाच करणार होते गं, पण ती झलक दिसली तेव्हा आम्ही दोघी इतक्या ओरडलो की शेजारचे बघायला आले, मग त्यांना सगळी गोष्ट सांगत बसलो. आम्ही दोघी म्हणजे ती आणि तिच्या सासूबाई.

मालिकेचं नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिलीय त्यांना वर्णनावरून कळेल, ज्यांनी पाहिली नाही त्यांना नाव कळून काही उपयोग नाही. तालुक्याच्या गावातला छापखाना, लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल छापणारा तापट बाप, आणि त्याच्या तीन मुली. थोरली भांडून घर सोडते. शेवटच्या भागात, बऱ्याच वर्षांनी, ती बॅग घेऊन दारात येते, बाप दार उघडतो, दोघं एकमेकांकडे बघतात आणि मालिका संपते. संपते म्हणजे खरोखरच संपली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या जागी नाचाची स्पर्धा सुरू झाली. बापाने तिला घरात घेतलं की नाही हे कोणी सांगितलंच नाही, आणि आम्ही मायलेकी गेली आठ वर्षं त्यावर भांडत राहिलो.

माझं म्हणणं, बाप "ये" म्हणणार. इतका तापट माणूस उगाच दार उघडायला उठत नाही. मुलीचं म्हणणं, ती आत जाणारच नाही. दार उघडतं का एवढंच तिला बघायचं होतं, ते कळलं, आता ती परत फिरणार. मी म्हणायची, मग एवढी जड बॅग कशाला आणली? ती म्हणायची, आई, बॅग रिकामी होती, नीट बघ. मी तो शेवटचा भाग यूट्यूबवर कितीदा बघितला असेल. बॅग रिकामी वाटत नाही.

आमच्या घरी मालिका बघायची एक रीत होती. आठच्या आत स्वयंपाक उरकायचा, कुकरची शिट्टी आठनंतर होता कामा नये. मालिका सुरू असताना बोलायचं नाही. ब्रेक लागला की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि जाहिराती चालू असेपर्यंत बोलायचं. काय झालं, का झालं, पुढे काय होणार, कोणाचं चुकलं, सगळं तेवढ्यात. मालिका परत सुरू झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी गप्प. आमचे हे त्याच खोलीत पेपरमागे बसायचे. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, मधलीचं लग्न ठरेल का? पेपर खाली न करता म्हणाले, "जाहिरातीतल्या साबणाचा खप बघता ठरायला हरकत नाही." त्यानंतर त्यांना विचारणं मी सोडून दिलं.

मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगला होती. त्या वयाच्या मुली आईशी काही बोलत नाहीत म्हणतात. माझी बोलायची, पण पडद्यावरच्या मुलींच्या नावाने. एका ब्रेकमध्ये म्हणाली, धाकटी नापास झाली ते तिने लगेच सांगून टाकायला हवं होतं, लपवल्यामुळे जास्त झालं. मी म्हटलं, हो ना, सांगितलं असतं तर आईने काय मारलं असतं का? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिने मला केटी लागल्याचं, म्हणजे एक विषय राहिल्याचं, सांगितलं. पुढे एका ब्रेकमध्ये म्हणाली, मधलीने त्या बाहेरगावच्या मुलाचं नाव घरी सांगावं, बाहेरगावचा असला म्हणून काय झालं? मी म्हटलं, आधी मुलगा दाखव म्हणावं, मग बघू. त्याच रविवारी अमरावतीचा एक मुलगा आमच्याकडे चहाला आला. माझा जावई आमच्या घरात असा जाहिरातींच्या मधून शिरला. म्हणून मला ते ब्रेक मालिकेपेक्षाही महत्त्वाचे होते. बाकीच्या वेळी ती सगळ्यांची असायची, ब्रेकमध्ये फक्त माझी.

लग्न होऊन ती येरवड्याला राहायला गेली. तिचं ऑफिस खराडीला, जावयाचंही तिकडेच. माझ्या ट्यूशन क्लासच्या ऑफिसातलं काम संपवून मी घरी आले की नऊच्या सुमाराला तिचा फोन यायचा. मालिका नव्हती, पण दाराचा वाद होता, आणि दारावरून सुरू झालेलं बोलणं शेवटी तिच्या ऑफिसपर्यंत, घरभाड्यापर्यंत, पाठदुखीपर्यंत जायचं. मला तेवढं पुरत होतं.

मग गेल्या वर्षी अमरावतीला जावयाचे वडील गेले आणि तो आईला इकडे घेऊन आला. विहीणबाई म्हणजे एरवी बोलक्या, मोठ्याने हसणाऱ्या बाई. लग्नात त्यांनी आमच्याकडच्या सगळ्या बायकांना पहिल्या तासाभरात नावानिशी ओळखून दाखवलं होतं. त्या आता दिवसभर बाल्कनीत गप्प बसून राहतात, जेवतात ते मोजकंच, असं मुलगी सांगायची. मी तिला म्हटलं, अगं, त्यांना आपली मालिका दाखव. पहिल्यापासून लाव. माणसाला रोज उद्याची वाट बघायला काहीतरी लागतं. ही सूचना माझी, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे तिचं श्रेय मला कोणीही दिलं नाही.

त्यांच्याकडे केबल नाही. सगळं मोबाइलच्या अ‍ॅपवरून टीव्हीला जोडलेलं, आणि तेही महागातलं, म्हणजे जाहिराती नसलेलं. मला वाटलं चारदोन भाग बघतील. पण विहीणबाईंना मालिका अशी लागली की संध्याकाळी जेवण झालं की तीन तीन भाग सलग. मुलगी कौतुकाने सांगायची. त्या हसल्या. त्यांनी आज वांग्याचं भरीत केलं. त्यांनी त्या छापखान्यातल्या नोकराला शिव्या दिल्या. मी "छान, छान" म्हणायची. आणि नऊचा माझा फोन साडेनऊवर गेला, मग दहावर, मग "आज झोपतेच आता, उद्या बोलू" वर आला.

दुःखातल्या माणसाचा हेवा करू नये हे मला कळतं. बाईचा नवरा गेलाय, घर सुटलंय, गाव सुटलंय, ओळखीचं एकही माणूस आसपास नाही. तिच्या वाट्याला एक मालिका आली तर माझं काय जातं? हे मी स्वतःला भाजी चिरताना सांगायची, अंघोळ करताना सांगायची, क्लासमधल्या पालकांना फीची पावती देता देता सांगायची. काही उपयोग झाला नाही. मला हेवा वाटायचा तो वाटलाच.

त्यात ते अगं-अहो. आमच्याकडे आईला अगं आई, सासूला अहो आई. मुलगी लग्न झाल्यापासून तसंच म्हणायची, आणि फोनवर नुसतं आई म्हटलं तरी मला सुरावरून कळायचं की कोणती. एकदा मी फोनवर असताना पलीकडे मालिका सुरू होती. बोलता बोलता ती मध्येच म्हणाली, "थांबव ना, अगं आई, एक मिनिट थांबव." मी म्हटलं, काय थांबवू? म्हणाली, तुला नाही गं, रिमोट आईंकडे आहे. मी फोन ठेवल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं, ती त्यांना अगं म्हणाली. हे म्हणाले, "मग? बाईंनी हरकत घेतली का?" विहीणबाईंनीच सांगितलं होतं म्हणे, अहो-जाहो कशाला, घरातल्या घरात. ह्यांना माझी हरकत दिसली नाही.

आणि ते "थांबव" माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे थांबवता येत नसे. ब्रेक येईल तेव्हाच बोलायचं, म्हणून तर मनात जपून ठेवायचं, घाईघाईने सांगायचं. तिकडे या दोघी हवं तेव्हा मालिका थांबवून हव्या तितक्या गप्पा मारणार. आम्हाला जे चार मिनिटांत उरकावं लागलं ते यांना आख्खी रात्र. मला हा सरळ सरळ अन्याय वाटला.

कडी झाली ती दारावरून. पहिलं पर्व बघून संपल्यावर मुलीचा फोन आला. म्हणाली, आई, सासूबाईंचं तुला सांगते हं, त्यांचं काय म्हणणं आहे दाराचं. बाप काहीच बोलणार नाही. ये म्हणणार नाही, जा म्हणणार नाही. दार उघडं टाकून आत निघून जाईल, आणि मग ती आपोआप आत येईल. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला पटलं. त्यांचंच बरोबर आहे.

आठ वर्षं. आठ वर्षं माझ्याशी भांडताना एक पाऊल मागे घेतलं नाही या मुलीने. यूट्यूबवर बॅगेचे फोटो काढून पाठवले मला. आणि तिकडे एका उन्हाळ्यात तिला पटलंसुद्धा. मी म्हटलं, हो, छान आहे त्यांचं म्हणणं, आणि कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवला. कुकर लावून झालेला होता.

दुसऱ्या पर्वाची बातमी या सगळ्यानंतर आली, म्हणजे मी आधीच कशी धुमसत बसले होते ते लक्षात येईल. फेसबुकवर या मालिकेच्या चाहत्यांचा एक गट आहे, तिथे मी पहिल्यापासून आहे. बातमी आल्यावर तिथे नुसता गोंधळ. कोणी म्हणे जुनेच कलाकार हवेत, नाहीतर बघणार नाही. कोणी म्हणे शीर्षकगीताला हात लावाल तर याद राखा. कोणाला मालिका सुरूच व्हायला नको होती, चांगली संपलेली गोष्ट पुन्हा उकरून वाट लावतात म्हणून. बापाचं काम करणारे नट आता काम करत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे घेतले, यावरून तर लोकांनी जवळजवळ सुतक पाळलं. मी दोन संध्याकाळी खपून एक लांबलचक पोस्ट लिहिली. बाप "ये" का म्हणेल याची कारणं, जुन्या भागांतल्या दाखल्यांसकट. शुद्धलेखन दोनदा तपासलं. तिला मोजके अंगठे मिळाले, त्यातला एक माझ्या मुलीचा आणि एक तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा.

त्याच आठवड्यात मुलीने विहीणबाईंना त्या गटात घेतलं. त्यांनी लिहिलं नाही, बोलून पाठवलं. नव्या बापाबद्दल. त्यांच्या बोलण्यात, अगदी जसंच्या तसं: बापाचं तोंड बदललं त कायले रडून राहिले बावा, पोरीची बॅग तीच आहे नं? एवढंच. लोक लोळले हसून. जो तो बदाम टाकतोय, आजी आजी करतोय, अजून बोला म्हणतोय. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना विचारलं, आजी, दारात काय होणार? त्यांनी त्यांचं ते दार उघडं टाकण्याचं सांगितलं आणि आख्खा गट त्यांच्या बाजूने झाला. माझी पोस्ट खाली खाली जात दिसेनाशी झाली. मी रागाने गटाच्या सूचना बंद केल्या आणि मग दर अर्ध्या तासाने आत जाऊन बघत राहिले.

पहिला भाग सोमवारी. तो कोणी कुठे बघायचा हा खरा प्रश्न होता, निदान माझ्यापुरता तरी. मला वाटत होतं, ती इकडे येईल. आपल्या घरात, आपल्या सोफ्यावर, ब्रेकसकट. आठ वर्षं वाट पाहिल्यावर एवढं तरी. मी तिला म्हटलं, सोमवारी साबुदाणा वडे करते. ती म्हणाली, आई, खराडीहून आठपर्यंत कोथरूडला पोहोचायचं तर मला दुपारीच निघावं लागेल, तूच इकडे ये ना, मेट्रो थेट आहे. मी म्हटलं, मला नाही जमणार, क्लासमध्ये प्रवेश चालू आहेत. ती बरं म्हणाली. तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही याचं मला इतकं लागलं की मंगळवारपासून रविवारपर्यंत मी तिला आपणहून फोन केला नाही.

सोमवारी सकाळी ह्यांनी विचारलं, आज तुमची ती मालिका ना? मी हो म्हटलं. "मग पोरीकडे जायचं का नाही?" मी म्हटलं, बोलावलं नीट असतं तर गेले असते. हे म्हणाले, "पत्रिका छापायला टाकायला हवी होती." मी क्लासमधून अर्धा दिवस लवकर निघाले, मंडईत जाऊन चांगले अंजीर घेतले आणि मेट्रो पकडली. रिकाम्या हाताने जायला मी काही हरलेली नव्हते.

दार विहीणबाईंनी उघडलं. बारीक झाल्या होत्या, केस पूर्ण पांढरे. मला बघून त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच थोडा उतरला, असं मला वाटलं, पण तेव्हा मला सगळंच वाटत होतं. त्यांनी पातोडीचा रस्सा केला होता, बेसनाच्या वड्यांचा तो तिकडचा झणझणीत प्रकार. मुलगी सात वाजून गेल्यावर आली, मला बघून दारातच बॅग टाकली आणि गळ्यात पडली. तेवढ्याने मला बरं वाटलं. मग सोफ्यावर बसायची वेळ आली आणि बघितलं तर एका टोकाला विहीणबाईंची उशी, त्यांचा चष्मा, त्यांचं पाणी, हाताशी रिमोट. जागा ठरलेली. शेजारी मुलगी आपोआप जाऊन बसली. मी दुसऱ्या टोकाला टेकले, पाहुण्यासारखी.

मालिका सुरू झाली. शीर्षकगीत बदललं होतं, आम्ही तिघींनी एकदमच नाक मुरडलं. मग तोच प्रसंग नव्याने चित्रित केलेला. दार, बॅग, थोरली, आणि दार उघडणारा नवा बाप. माणूस बरा होता, पण हात वेगळे. जुन्या बापाच्या नखांत शाई असायची. नवा बाप बघत राहिला, थोरली बघत राहिली आणि धाडकन संगीत वाजलं. ब्रेकच्या आधी वाजतं ते. अ‍ॅपवर जाहिराती नसल्या तरी ते संगीत तेवढं राहतं.

"थांबव," मुलगी म्हणाली. विहीणबाईंनी न बघता अंगठ्याने बटण दाबलं, रोजची सवय असल्यासारखं. मला वाटलं, झालं, आता या दोघी बोलणार. पण मुलगी माझ्याकडे वळली. विहीणबाईही माझ्याकडे वळल्या, जरा सावकाश. मुलगी म्हणाली, हं, आई, बोल. ब्रेक आहे.

आठ वर्षं जे म्हणत होते तेच म्हटलं, की तो "ये" म्हणणार. ती म्हणाली, बॅग बघितलीस? मी म्हटलं, भरलेली आहे. ती म्हणाली, रिकामी आहे. आम्ही भांडलो. मध्येच तिने सांगून टाकलं की थोरलीने परत येताना आधी नोकरीचं काय ते ठरवायला हवं होतं, असं अधांतरी येऊ नये कोणी. मी तिच्याकडे बघितलं. मला कळलं, हिच्या ऑफिसात काहीतरी झालंय. ती सांगेल, उद्या परवा सांगेल, आणि मलाच सांगेल. माझ्या अंगावरून इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं. विहीणबाई रिमोट हातात धरून टीव्हीकडे बघत होत्या.

पुढे काय दाखवलं? काहीही नाही. पडद्यावर "काही वर्षांनंतर" आणि थोरली त्याच घरात भाजी निवडत बसलेली. ती आत कशी आली, कोण काय म्हणालं, एक अक्षर नाही. आम्ही तिघीही हरलो किंवा तिघीही जिंकलो, कसंही धरा. फेसबुकच्या गटात त्या क्षणी काय चाललं असेल या कल्पनेने मुलगी हसत सुटली, मग रागावली, मग पुन्हा हसली. म्हणाली, आई, आता तू रोज ये. पंधरावीस मिनिटांची तर मेट्रो. मी म्हटलं, वीस नाही, पण येईन. मनातल्या मनात मी क्लासच्या वेळा बदलूनही टाकल्या होत्या.

तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती आतल्या खोलीत गेली. मी ताटं घ्यायला स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई रस्सा गरम करत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"एक सांगू का जी? राग नका मानू," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, सांगा ना.

"मी हे मालिका तुमच्या पोरीसंगं पाहिलीच नाही. तुमच्यासंगं पाहिली. धाडकन वाजलं का ती मले थांबवाले लावे. इथं आई असं म्हणाली होती, इथं आईनं बाबांचा पेपर ओढला होता, इथं आई रडली अन् कांदा चिरून राहिली म्हणे. दर भागात. एकही भाग मले तुमच्याबिगर पाहाले भेटला नाही."

मी ज्या "थांबव"वर महिनोन् महिने जळत होते, ते माझ्यासाठी होतं. मला हसू येत होतं, आणि समोर ही बाई होती.

"तो दाराचा विचार तेवढा माहा होता," त्या म्हणाल्या. "तो तिले पटला त मी दोन दिवस खुश होती." मग त्यांनी पदराने हात पुसले. "मले तुमचा लय हेवा वाटते जी. माह्यासंगं बसून पाहणारं माणूस गेलं. आता ही बसते, त तिच्या तोंडात तुम्ही. उद्याच्या भागाले तुम्ही नका येऊ. एक भाग मले तिच्यासंगं पाहू द्या."

पुण्यात इतकं सरळ कोणी बोलत नाही. आमच्याकडे हेच सांगायला तीन पिढ्या टोमणे मारतील. मला त्यांचा राग आला, मग त्या खऱ्या बोलल्या म्हणून अजून राग आला. आणि तेवढंच खरं हेही, की त्या मागत होत्या ते मी इतके दिवस मनात मागत होते, फक्त मला तोंड उघडून मागता आलं नव्हतं. मी म्हटलं, नाही येणार उद्या. त्यांनी मला रस्सा वाढला, जरा जास्तच वाढला. तिखट होता. डोळ्यांत पाणी यायला निमित्त बरं झालं.

निघताना मुलगी म्हणाली, उद्या येतेस ना? मी म्हटलं, बाबांना जरा बरं नाहीये. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, वय. घरी आल्यावर ह्यांना सांगून ठेवलं की उद्या पोरीने विचारलं तर तुमचं पोट बिघडलंय. हे म्हणाले, आजवर तुझ्या मालिकेने माझं एवढंच बिघडवायचं राहिलं होतं.

मंगळवारी मी सातलाच स्वयंपाक आटोपला. आठला दहा कमी असतानाच टीव्ही लावला. आणि मग एकदम लक्षात आलं की त्या दोघी तिकडे बघत असतील, धाडकन संगीत वाजेल, ही थांबव म्हणेल आणि मला फोन लावेल. लावेलच. आई, बोल, ब्रेक आहे. मी तिला चांगली ओळखते. मला तो फोन इतका हवा होता की आठला पाच कमी असल्यापासून माझं लक्ष त्याच्यावरच होतं. येरवड्याच्या त्या सोफ्यावर, उशीशेजारी माझी मुलगी बसलेली मला स्वच्छ दिसत होती आणि जळजळ कमी म्हणून होत नव्हती.

मी माझा फोन बंद केला. ह्यांच्याकडे हात केला. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता आपला फोन दिला. तोही बंद केला. भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, तिला त्याचा नंबर अजून पाठ आहे म्हणून.

मालिका सुरू झाली. थोरलीने छापखान्याचं कुलूप उघडलं, बाप मागे येऊन उभा राहिला, त्याने काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. धाडकन संगीत वाजलं. ब्रेक लागला. मी टीव्हीचा आवाज बंद केला. मला त्यावर खूप काही वाटलं. ते मी कोणाला सांगितलं नाही.